एकाच नोंदीच्या तीन प्रती

फोनच्या सेटिंगमध्ये एखाद्या ॲपची माहिती उघडली की 'क्लिअर कॅश' नावाचं बटण दिसतं. ॲप अडखळायला लागलं की आपण ते दाबतो. काही फोटो पुन्हा उतरवून घ्यावे लागतात, पहिल्यांदा उघडताना ॲप जरा रेंगाळतं, आणि मग गाडी पूर्ववत सुरू. म्हणजे जे पुसलं ते मौल्यवान नव्हतं. मूळ प्रत दुसरीकडे होतीच. दरवेळी तिथवर जावं लागू नये म्हणून हाताशी ठेवलेली ती नक्कल होती. फ्रेंचमधल्या 'लपवणे' या क्रियापदावरून आलेला हा शब्द, रोकडीशी त्याचं नातं नाही. संगणकात तो रुळला १९६८च्या आसपास, आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या यंत्राबरोबर. त्याआधी १९६५मध्ये केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी हीच कल्पना मांडली होती, पण तिला त्यांनी 'स्लेव्ह मेमरी' म्हटलं होतं. ते नाव टिकलं नाही, हे बरंच झालं.

ही गोष्ट अशाच नकलांची आहे, पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती घडली त्याचं नाव तुम्ही ऐकलं नसण्याचीच शक्यता जास्त. वापरलं मात्र असेल. कॉलेजच्या वायफायवर, ऑफिसच्या मेलवर किंवा लायब्ररीच्या संगणकावर एकच नाव आणि एकच पासवर्ड चालतो, तेव्हा मागे कुठेतरी एक डिरेक्टरी सर्व्हर बसलेला असतो. अमुक माणूस आपला आहे का, त्याचा पासवर्ड बरोबर आहे का, तो कोणत्या विभागात, कोणत्या गटात, याची उत्तरं तो देतो. दिवसभरात प्रचंड वेळा विचारलं जातं आणि बदल फार थोडे होतात. कोणी लग्नानंतर आडनाव बदलतं, कोणी नोकरी सोडतं. बाकी सगळं वाचन. आणि हा सर्व्हर मंदावला की फक्त तो मंदावत नाही. मेल उघडत नाही, प्रिंटर ओळख देत नाही, दारावरचं कार्ड चालत नाही. संस्थेतल्या प्रत्येकाला वाटतं की आपलंच काहीतरी बिघडलंय.

अशा कामाला कॅशसारखं औषध नाही, असं कोणालाही वाटेल. तेच तेच विचारलं जातंय, तर उत्तर हाताशी ठेवा. सुमारे पंधरा वर्षं सगळ्यांनी तेच केलं. आणि त्या पंधरा वर्षांत डिरेक्टरी सांभाळणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो याच औषधाने.

सुरुवात फार भव्य होती. १९८८ साली टेलिफोन कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आणि आयएसओने मिळून एक्स.५०० नावाचं मानक मंजूर केलं. स्वप्न असं की सगळ्या जगाची एकच डिरेक्टरी असावी; देश, त्याखाली संस्था, त्याखाली विभाग, त्याखाली माणूस, असं एक झाड. घराघरात टीव्हीखाली जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी असायची त्या काळातलं हे स्वप्न आहे. पण त्याचा प्रोटोकॉल इतका अवजड होता की साध्या डेस्कटॉप संगणकावर तो चालवणं म्हणजे स्कूटरवरून कपाट नेण्यासारखं. मिशिगन विद्यापीठातल्या टिम हाउझ यांनी वेंगयिक येओंग आणि स्टीव्ह किल यांच्यासोबत त्याची हलकी आवृत्ती लिहिली. १९९३मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिचं नाव एलडॅप, आणि त्यातला पहिला 'एल' 'लाइटवेट'चा.

आधी एलडॅप हा फक्त दरवानासारखा होता. तो पुढून साधा प्रश्न घ्यायचा आणि आतल्या एक्स.५०० सर्व्हरला त्याच्या भाषेत विचारायचा. मग मिशिगनच्या मंडळींच्या लक्षात आलं की लोक दरवानाशीच बोलतायत, आतल्या साहेबाकडे थेट कोणी जातच नाही. तेव्हा साहेबाला काढून टाकून, १९९५च्या सुमारास, त्यांनी स्वतंत्र सर्व्हर लिहिला. त्याचं नाव स्लॅपडी. १९९६मध्ये हाउझ नेटस्केपमध्ये गेले आणि तिथे व्यापारी डिरेक्टरी सर्व्हर उभा राहिला. मिशिगनचं मूळ कोड घेऊन १९९८मध्ये कर्ट झायलेंगा यांनी ओपनएलडॅप हा मुक्त प्रकल्प सुरू केला. पुढे हॉवर्ड चू त्यात आले आणि त्याचे मुख्य रचनाकार झाले. चू स्वतः मिशिगन विद्यापीठातच शिकलेले.

स्लॅपडीला नोंदी कुठेतरी साठवायच्या होत्या. सुरुवातीची व्यवस्था साधी होती, आणि ओपनएलडॅपच्या जुन्या मार्गदर्शिकेत तिचे दोन आकडे दिलेले आहेत: मेमरीत ठेवायच्या नोंदी १,०००, आणि प्रत्येक इंडेक्स फाइलसाठी कॅश १,००,००० बाइट. लाखभर बाइट! आज व्हॉट्सॲपवर आलेला 'शुभ सकाळ'चा फोटो यापेक्षा मोठा असतो. तेव्हा मेमरी महाग होती, आणि लाखभर बाइट काटकसरीने पण समजून दिलेले होते. यातला पहिला आकडा, १,०००, लक्षात ठेवा. यंत्रं हजारपटीने मोठी झाली तरी तो तसाच राहिला.

२००२मध्ये ओपनएलडॅप २.१ आलं आणि साठवणीचा पाया बदलला. आता खाली बर्कली डीबी होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या युनिक्सच्या कामातून निघालेली ही छोटी डेटाबेस लायब्ररी. मार्गो सेल्ट्झर आणि कीथ बॉस्टिक यांनी १९९६मध्ये तिच्यासाठी स्लीपीकॅट नावाची कंपनी काढली, आणि त्यामागे नेटस्केपचीच विनंती होती: आमच्या डिरेक्टरी सर्व्हरसाठी हिला आणखी पक्की करून द्या. म्हणजे मिशिगनच्या झाडाच्या दोन्ही फांद्या, व्यापारी आणि मुक्त, शेवटी एकाच खोडावर येऊन बसल्या.

बर्कली डीबीची स्वतःची कॅश होती, आणि त्यामागे एक जुना, गंभीर युक्तिवाद होता. १९८१ साली बर्कलीमधल्याच मायकेल स्टोनब्रेकर यांनी एक निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ असा: ऑपरेटिंग सिस्टिम डेटाबेससाठी जी मदत देऊ करते ती डेटाबेसच्या कामाची नाही. कोणतं पान मेमरीत ठेवायचं, कोणतं कधी डिस्कवर लिहायचं, हे डेटाबेसला जास्त कळतं. मध्येच वीज गेली तर अर्धवट व्यवहार नीट उलटवता यायला हवा, आणि त्यासाठी कोणतं पान आधी लिहिलं जाईल यावर ताबा हवा. हे खरंच होतं. म्हणून डेटाबेस लिहिणाऱ्यांनी कर्नलवर विसंबणं सोडलं आणि आपापली कॅश बांधली.

पण कर्नलने स्वतःची कॅश बंद केली नव्हती. फाइलमधून जे वाचलं जाईल त्याची प्रत कर्नल मेमरीत ठेवतोच. मोकळी मेमरी वाया कशाला घालवायची. आणि वरती स्लॅपडी? बर्कली डीबीकडून मिळालेली नोंद म्हणजे बाइटची सलग ओळ. ती उलगडून तिचं नाव, ईमेल, गट असे तुकडे मांडायला प्रोसेसरचा वेळ जातो. म्हणून स्लॅपडीने उलगडलेल्या नोंदींची वेगळी कॅश ठेवली. तहसील कार्यालयाचं उदाहरण घ्या. दप्तरखान्यात मूळ फाइल. शिपाई आपल्या कपाटात तिची झेरॉक्स ठेवतो. कारकून टेबलाच्या खणात त्या झेरॉक्सची झेरॉक्स ठेवतो. साहेबांनी त्यावरून टिपण काढून काचेखाली सरकवलंय. प्रत्येकजण आपल्या जागी शहाणपणानेच वागतोय, पण ऑफिसात बसायला जागा उरलेली नाही.

मेमरीत एका माणसाच्या एकाच नोंदीच्या तीन प्रती. कर्नलच्या पानांत एक, बर्कली डीबीच्या कॅशमध्ये दुसरी, स्लॅपडीच्या नोंद-कॅशमध्ये तिसरी. शिवाय चौथी एक कॅश, शोधाच्या निकालांची: 'पुणे विभागातले सगळे' असं विचारलं तर कोणकोणत्या क्रमांकाच्या नोंदी लागतात, त्या याद्या.

आता हे सांभाळायचं कोणी? ॲडमिनने. आणि इथून गंमत सुरू होते, त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी. बर्कली डीबीची कॅश बाइटमध्ये मोजायची आणि ती डीबी_कॉन्फिग नावाच्या वेगळ्याच फाइलमध्ये लिहायची. फाइल नसेल तर लायब्ररी आपली २५६ किलोबाइट घेऊन मोकळी. नोंद-कॅश नोंदींच्या संख्येत मोजायची. न सांगितल्यास १,०००. याद्यांची कॅश याद्यांच्या संख्येत; न सांगितल्यास शून्य. तीन कॅश, तीन मापं, दोन फाइली. २.२ आवृत्तीत एचडीबी हा सुधारित प्रकार आला, ज्यात झाडाची आख्खी फांदी नाव बदलून हलवता येत असे. त्याच्या मॅन पेजमध्ये सल्ला होता की चांगल्या वेगासाठी याद्यांची कॅश नोंद-कॅशच्या तिप्पट लागते. म्हणजे एक आकडा हलवला की दुसराही हलवायचा.

संख्येत मोजण्याचा तोटा लगेच कळतो. साध्या विद्यार्थ्याची नोंद एक, आणि 'सर्व विद्यार्थी' या गटाची नोंदही एकच, मग त्यात ५०,००० नावं का असेनात. कॅशच्या हिशोबात दोन्ही समान, मेमरीच्या हिशोबात त्यांच्यात डोंगराएवढं अंतर. 'दहा हजार नोंदी ठेव' असं सांगितल्यावर किती मेमरी जाणार, हे त्या दहा हजारांत कोण कोण आहे यावर ठरायचं. ते आधी कोणालाच माहीत नाही.

समजा एका विद्यापीठात एक लाख नोंदी आहेत आणि नोंद-कॅश मुळातल्या १,०००वर आहे. दिवसा ठीक चालतं, कारण कुठल्याही क्षणी तेच काही शे लोक पुन्हापुन्हा येत असतात. रात्री एक स्क्रिप्ट चालते. ती सगळ्यांची मेलिंग लिस्ट बनवते, म्हणजे पहिल्या नोंदीपासून लाखाव्यापर्यंत प्रत्येक नोंद एकदा वाचते. कॅशमध्ये जागा हजाराची. १,००१वी नोंद आली की पहिली बाहेर. दुसऱ्या रात्री स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, तेव्हा पहिली नोंद कधीच गेलेली असते. लाख वेळा वाचून कॅशचा एकदाही उपयोग नाही. वर, दिवसभरात जमलेल्या कामाच्या नोंदीही त्या लोंढ्यात वाहून गेल्या. सकाळी नऊला सगळे लॉगिन करायला येतात तेव्हा कॅश नुसती थंड नसते, ती निरुपयोगी नोंदींनी भरलेली असते. लोक तक्रार करतात की सकाळी सर्व्हर हळू आहे. ॲडमिन साडेदहाला बघतो तोवर सगळं सुरळीत.

मग तो कॅश वाढवतो. कुठली? समजा सगळ्याच. त्या काळचं यंत्र ३२ बिटचं. ३२ बिटमध्ये पत्ते मावतात ४ गिगाबाइटचे, आणि त्यातला एक भाग कर्नल स्वतःकडे ठेवतो. प्रोसेसच्या वाट्याला २ ते ३. बर्कली डीबीला एक गिगा दिला, नोंद-कॅश फुगू दिली, की काही दिवसांनी एका संध्याकाळी स्लॅपडीला मेमरी मिळत नाही आणि तो मरतो. पुन्हा सुरू केला की कॅश रिकामी, पुन्हा मंदपणा. कमी दिलं तर हळू, जास्त दिलं तर मृत्यू, आणि मधली जागा प्रत्येक संस्थेत वेगळी. ती शोधायला बर्कली डीबीबरोबर एक आकडेवारीचं साधन यायचं. किती वेळा पान कॅशमध्ये सापडलं, किती वेळा डिस्कवर जावं लागलं, हे ते दाखवत असे. पण ते खालच्या थराचंच बघणार. वरच्या थरातली नोंद-कॅश चांगली चालत असेल तर खाली फारसं कोणी येतच नाही, आणि खालचा आकडा उगाचच वाईट दिसतो. दोन थर एकमेकांवर ठेवले की एका थराचं मोजमाप दुसऱ्याबद्दल खोटं बोलू लागतं. या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो हा भाग.

आणखी एक गोष्ट होती जी कुठल्याच आकड्यात दिसत नसे. नोंद-कॅशला मर्यादा घातलेली, ती भरलेली, आता नवीन नोंद आली की जुनी जाणार. तर मग प्रोसेसचा आकार स्थिर राहायला हवा. तो राहायचा नाही. आठवडाभर फुगतच जायचा. 'मेमरी गळतेय' ही तक्रार मग ठरलेलीच. खरी गळती काही वेळा असायचीही, आणि ती दुरुस्त व्हायची. पण अनेकदा दोष असायचा त्याच्याही खालच्या थरात, मेमरी वाटणाऱ्या मॅलॉकमध्ये. लहान-मोठ्या नोंदी सतत येतात आणि जातात. दोनशे बाइटची नोंद गेली, तिथे तीनशेची बसत नाही. अशी भोकं साठत जातात. एसटी स्टँडवर दुचाक्या लावल्यासारखं: मधूनमधून जागा भरपूर, पण जीप उभी करायला सलग जागा नाही. वापरात नसलेली मेमरी सिस्टिमला परतही जात नाही, कारण तिच्या मागेपुढे कोणीतरी बसलेलं असतं. चू यांनी वेगवेगळे मॅलॉक लावून एकाच स्लॅपडीची मोजमापं घेतली आणि ती जाहीर केली. काम तेच, नोंदी त्याच, पण प्रोसेसच्या आकारात मोठा फरक. गूगलचा टीसी-मॅलॉक लावल्यावर सर्व्हर आटोपशीर राहतो, हा सल्ला त्यानंतर फिरू लागला.

नेटस्केपच्या फांदीचं वेगळं काही घडलं नाही. तो सर्व्हर एओएलकडे गेला, मग २००४मध्ये रेड हॅटने विकत घेतला, २००५मध्ये त्याचं कोड खुलं झालं आणि २००९मध्ये त्याला ३८९ हे नाव मिळालं; एलडॅपच्या पोर्टचा तो क्रमांक. तिथे नोंद-कॅश बाइटमध्ये मोजायची सोय होती, ती नक्कीच अधिक शहाणपणाची. तरी डेटाबेसची कॅश वेगळी, नोंदींची वेगळी, आणि डिस्कवरच्या आकारावरून मेमरीतला आकार ठरवायला जाल तर फसाल, कारण उलगडलेली नोंद जास्त जागा घेते. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत तर वेगळीच भीती. तिथली मुख्य प्रोसेस डेटाबेसच्या कॅशसाठी मोकळी मेमरी ठरवूनच घेत जाते, आणि नवा ॲडमिन तो आकडा बघून हादरतो.

ओपनएलडॅपमध्ये प्रश्न फक्त ॲडमिनचा नव्हता. तीन प्रती असल्या की एक बदलल्यावर बाकीच्या बदलायला लागतात, आणि त्या बदलताना मधेच कोणी वाचायला आला तर त्याला थांबवायला कुलूप लागतं. नोंद-कॅशची कुलपं वेगळी, बर्कली डीबीची वेगळी. एक धागा इथलं कुलूप धरून तिथल्याची वाट बघतोय, दुसरा उलटं. दोघेही जन्मभर उभे. जे कोड वेग वाढवण्यासाठी लिहिलं, तेच सगळ्यात गुंतागुंतीचं आणि सगळ्यात जास्त बग देणारं ठरलं.

तोवर यंत्रं बदलली होती. २००३मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला आणि ६४ बिट स्वस्त झालं. या प्रोसेसरांत पत्त्यासाठी प्रत्यक्षात ४८ बिट वापरले जात, पण त्यातही २५६ टेराबाइट मावतात, आणि अर्धे प्रोसेसला मिळतात. कुठल्याही डिरेक्टरीपेक्षा हे कितीतरी पटींनी मोठं. ४ गिगाबाइटच्या खोलीत कोणाला किती जागा द्यायची हे भांडण आता मैदानात उभं राहून चाललं होतं.

चू यांनी उत्तर शोधलं ते १९६०च्या दशकातल्या एका कल्पनेत. मँचेस्टरमध्ये १९६२ साली ॲटलस नावाचं यंत्र सुरू झालं. त्यात वेगवान पण लहान मेमरी होती आणि मंद पण मोठा ड्रम होता. कार्यक्रम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच सलग मेमरी दिसे. काय कुठे आहे हे यंत्र बघून घेई. या रचनेला ते 'एकपातळी साठवण' म्हणत. अमेरिकेत १९६४मध्ये सुरू झालेल्या मल्टिक्स प्रकल्पाने ती फाइलींपर्यंत नेली: फाइल 'वाचायची' नाहीच, ती मेमरीतच आहे असं समजून हात लावायचा. युनिक्समध्ये ही सोय एम-मॅप या नावाने आली. १९८३च्या बर्कली युनिक्सच्या कागदपत्रांत तिचं वर्णन होतं पण अंमलबजावणी नव्हती. सनच्या १९८८च्या सिस्टिममध्ये ती खरोखर चालू लागली. पण ३२ बिटच्या पत्त्यांत मोठी फाइल मावणार कशी? म्हणून डेटाबेसवाल्यांनी तिच्याकडे काणाडोळा केला. ६४ बिट आल्यावर तो अडसर गेला होता आणि बहुतेकांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

२०११च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे एलडॅपवाल्यांची परिषद भरली. तिथे चू यांनी एमडीबी मांडली. पुढे नावांचा गोंधळ नको म्हणून ती एलएमडीबी झाली. ओपनबीएसडीच्या एलडॅप सर्व्हरसाठी मार्टिन हेडेनफॉक यांनी लिहिलेल्या बी-ट्रीच्या कोडपासून तिची सुरुवात झाली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ओपनएलडॅप २.४.२७मध्ये ती लोकांच्या हातात आली.

तिच्यात कॅश नाही. पूर्ण डेटाबेस फाइल प्रोसेसच्या पत्त्यांत जोडलेली असते. नोंद हवी असली की ती जिथे आहे तिथला पत्ता मिळतो, नक्कल होत नाही. ते पान मेमरीत असेल तर उत्तम, नसेल तर कर्नल आणतो. कोणतं ठेवायचं, कोणतं काढायचं, हे सगळं कर्नलवर. आणि स्टोनब्रेकर यांचा आक्षेप? वीज गेली तर काय? तिथे खुबी अशी की वापरातलं पान जागच्या जागी कधी बदलायचंच नाही. बदल नव्या पानावर लिहायचा, मग त्याच्या वरच्या पानाची नवी प्रत, अशी मुळापर्यंत. शेवटी मुळाचा नवा पत्ता दोन ठरलेल्या पानांपैकी एकावर आलटूनपालटून लिहायचा. मधेच वीज गेली तर जुनं मूळ शाबूत आहे. दुरुस्तीची वेगळी पायरी नाही. वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी थांबावं लागत नाही, कारण तो ज्या झाडावर चढलाय ते झाड कोणी हलवणारच नाही. लिहिणारा मात्र एका वेळी एकच. डिरेक्टरीला ते चालतं. तिथे लिहितो कोण?

स्लॅपडीने नोंदीही अशा रूपात साठवल्या की उलगडायला फारसं काही लागू नये. त्यामुळे नोंद-कॅशची गरज गेली, याद्यांच्या कॅशची गेली, त्यांची कुलपं गेली. मॅलॉकवरचा ताणही बराच उतरला, कारण हजारो नोंदींची ये-जा आता त्याच्या अंगणात होत नव्हती.

२०१३मध्ये आणखी एक धक्का आला, तांत्रिक नसलेला. स्लीपीकॅट २००६मध्ये ओरॅकलने घेतली होती. आता बर्कली डीबी ६.० अधिक कडक परवान्याखाली आली आणि अनेक मुक्त प्रकल्पांना ती वापरणं अवघड झालं. ओपनएलडॅपजवळ पर्याय तयार होता. बाहेरही एलएमडीबी पसरली. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरने, मोनेरो या क्रिप्टोचलनाने ती घेतली. ३८९नेही अखेर तीच वाट धरली.

यावर सगळ्यांचं एकमत आहे असं मात्र नाही. २०२२मध्ये अँड्र्यू क्रॉटी, व्हिक्टर लाइस आणि अँड्र्यू पाव्हलो यांनी एका परिषदेत निबंध वाचला. डेटाबेससाठी एम-मॅप वापरायचा तुमचा विचार खरंच पक्का आहे का, असा त्याचा सूर होता. पान मेमरीत नसेल तर धागा न सांगता थबकतो. डिस्कची चूक नीट पकडता येत नाही. डेटा मेमरीपेक्षा बराच मोठा झाला आणि डिस्क फार वेगवान असली तर पानं काढण्याच्या कामात कर्नलच मागे पडतो. ही स्टोनब्रेकर यांच्याच बाजूची चाळीस वर्षांनंतरची साक्ष आहे, आणि मला ती पटते. पण डिरेक्टरी हा तसा डेटाबेस नाही. तिच्यात वाचन जवळजवळ सगळं, आकार बहुधा मेमरीत मावणारा. शंभर कोटी व्यवहारांच्या बँकेला जे लागतं ते विद्यापीठाच्या नावनिशीला लागत नाही. तिच्यावर ते लादलं गेलं होतं.

तक्रारी संपल्या का? त्यांचा पत्ता बदलला. नव्या सर्व्हरवर 'टॉप' चालवलं की स्लॅपडीची आभासी मेमरी शेकडो गिगाबाइट दिसू शकते. नवखा माणूस घाबरतो. तो आकडा फक्त राखून ठेवलेल्या पत्त्यांचा, प्लॉट पाडलेल्या पण न बांधलेल्या जमिनीसारखा. शेजारचा प्रत्यक्ष मेमरीचा आकडाही वाढत जातो आणि पुन्हा 'गळती'ची हाक येते. त्यातला मोठा भाग फाइलच्या पानांचा असतो. दुसऱ्या कुणाला मेमरी लागली की कर्नल ती पानं काढून देतो, कारण मूळ प्रत डिस्कवर आहेच. म्हणून आता पाहायचं ते एकूण आकड्याकडे नाही, तर त्यातली फाइलची पानं किती आणि प्रोसेसची खासगी मेमरी किती, हे वेगळं करून. खासगी भाग वाढत असेल तर काळजी करा.

खरी नवी अडचण दुसरीच आहे. एखाद्या कार्यक्रमाने वाचन सुरू केलं आणि ते संपवलंच नाही, अडकून पडला, तर त्याच्या झाडाची जुनी पानं कोणी पुन्हा वापरू शकत नाही. बदल नव्या पानांवर होत राहतात आणि फाइल वाढत राहते, नोंदी तेवढ्याच असूनही. मोठी नक्कल काढणारी किंवा मंद नेटवर्कवरून चालणारी कामं इथे संशयित. तासन्‌तास उघडी राहिलेली वाचनं शोधायची आणि बंद करायची, एवढं आता ॲडमिनला कळावं लागतं.

२०२१च्या एप्रिलमध्ये ओपनएलडॅप २.५ आलं. त्यातून बर्कली डीबीवरचे दोन्ही प्रकार काढून टाकलेले होते, आणि त्यांच्याबरोबर तो १,०००चा आकडाही गेला. एमडीबीच्या मॅन पेजमध्ये कॅशच्या आकाराबद्दल एकही ओळ नाही. आकाराचा एकच आकडा आवर्जून द्यावा लागतो, फाइल जास्तीत जास्त किती वाढू शकेल याचा. न दिल्यास १० मेगाबाइट. पहिल्यांदाच मोठा डेटा भरायला घेतलेल्या माणसाचं काम त्यावर हटकून अडतं. डेटा आज जेवढा आहे त्याच्या कितीतरी पट मोठा आकडा निर्धास्तपणे टाकावा. ६४ बिटच्या यंत्रावर न वापरलेल्या पत्त्याला भाडं पडत नाही.